जांघेतली गाठ उतरत नाहीये, एफएनएसी (सुईने गाठीतला नमुना घेऊन तपासणी) आत्ताच करावी का?

नवऱ्याच्या (वय ३८) उजव्या जांघेत महिन्याभरापासून गाठ आहे. पावसात कोथरूड ते हिंजवडी बाईक, दिवसभर ओले बूट, त्यामुळे पायाच्या बोटांत चिखल्या होऊन कातडी फाटली होती. आधी वाटलं अवधाण आलंय, पाय बरा झाला की उतरेल. पाय बरा झाला, गाठ तशीच.

फॅमिली डॉक्टरांनी अँटिबायोटिकचा कोर्स दिला. दुखणं थांबलं, आकार फारसा कमी नाही. खोकल्यावर फुगत नाही, म्हणून हर्निया वाटत नाही म्हणाले. सोनोग्राफीत १.८ सेंमी, 'रिॲक्टिव्ह' (म्हणजे संसर्गासारख्या कारणाने सुजलेली) लिहिलंय. सीबीसी नॉर्मल, एचआयव्ही आणि व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी) निगेटिव्ह. मधुमेह नाही.

पुढचे प्रश्न येणारच, म्हणून लिहिते: ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं यातलं काही नाही. मानेत-काखेत गाठी नाहीत. जननेंद्रियावर जखम किंवा पुरळ नाही. घरात मांजर आहे, ओरखडे चालूच असतात. हे डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही. सासऱ्यांना पूर्वी टीबी झाला होता, म्हणून तीही धास्ती आहे.

डॉक्टर म्हणतात अजून दोन आठवडे बघू, नाहीतर सुई घालून तपासू. सासूबाईंचा लेप लावायचा आग्रह आहे, तो सध्या टाळलाय. घरगुती उपाय नकोत, प्लीज.

असा अनुभव असलेल्यांनी किंवा इथल्या डॉक्टरांनी सांगा: पायाचा संसर्ग गेल्यावर गाठ उतरायला साधारण किती वेळ लागतो? थांबण्यात धोका आहे का? आणि दाखवायचं तर जनरल सर्जनला की फिजिशियनला?