अंडी कोंबडी घालते, राष्ट्राध्यक्ष नव्हे

शंकेखोर (न्यू जर्सी), २८ सप्टेंबर २०२५

काल आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एका वर्गमित्राने फॉरवर्ड टाकलं. सार एवढंच: बायडनने अंडी महाग केली, ट्रम्पने स्वस्त केली, आता तरी डोळे उघडा. त्याखाली अकरा अंगठे. अंगठेबहाद्दरांत दोन सीए आणि एक गुरांचा डॉक्टर. निदान डॉक्टरला तरी माहीत असावं की अंडी कोण घालतं! उत्तर लिहायला बसलो, ते इतकं वाढलं की ग्रुपमधून काढतील, म्हणून इथे टाकतोय.

बर्ड फ्लूमुळे कोट्यवधी कोंबड्या माराव्या लागल्या म्हणून अंडी महागली. सगळ्यात महाग झाली ती या मार्चमध्ये, डझनाला सव्वासहा डॉलर, म्हणजे ट्रम्प खुर्चीवर बसून दोन महिने होत आले होते तेव्हा. पुढे नव्या तलंगा अंड्यावर आल्या आणि भाव साडेतीनच्या आसपास उतरला. २०२२च्या जूनमध्ये गॅस (म्हणजे पेट्रोल) गॅलनला पाच डॉलरवर गेला, तेव्हा पंपापंपावर बोट दाखवणाऱ्या बायडनचं स्टिकर: 'हे मी केलं'. २०२०च्या एप्रिलमध्ये कच्चं तेल शून्याच्याही खाली गेलं होतं, तेव्हा कुणाचं स्टिकर लागलं नाही.

व्याजदर फेडच्या, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेच्या हातात. १९७९ साली राष्ट्राध्यक्ष कार्टरने व्होल्करला फेडचा प्रमुख नेमलं. त्याने दर वीस टक्क्यांपर्यंत नेले आणि महागाईचं कंबरडं मोडलं, पण त्याआधी कार्टरचं मोडलं. पीक कापलं त्याच्यानंतर आलेल्या रेगनने.

कायद्यांचंही तेच. क्लिंटनची आरोग्य योजना १९९४ साली स्वतःच्या पक्षाचं बहुमत असताना बारगळली. धाकट्या बुशचं सोशल सिक्युरिटीचं (सरकारी पेन्शनचं) खासगीकरण २००५ साली तसंच, दोन्ही सभागृहं हातात असून. २०१७ साली ट्रम्पचे लोक ओबामाकेअर, म्हणजे ओबामाचा आरोग्यविम्याचा कायदा, रद्द करायला निघाले, तर सेनेट या वरिष्ठ सभागृहात मध्यरात्रीनंतर त्यांच्याच पक्षाच्या मॅकेनने अंगठा खाली केला आणि ४९ विरुद्ध ५१ने खेळ खलास. राष्ट्राध्यक्ष म्हणजे लग्नातला नवरदेव. फोटो सगळे त्याचे, कारभार मामा-काकांचा.

सोलापुरी

शंकेखोरराव, जर्सीत बसून नवरदेवाच्या गोष्टी सांगायलात, जरा आमच्या अक्कलकोट रोडवर या. मेव्हण्याचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. माल जवळजवळ सगळा अमेरिकेला. ७ ऑगस्टला २५ टक्के ड्यूटी लागली, २७ ऑगस्टला आणखी २५. पहिल्या पंचवीसला गिऱ्हाईक म्हणालं, निम्मं तुम्ही सोसा. दुसऱ्या पंचवीसला फोन उचलणंच बंद.

गोदामात गेलो होतो मागच्या आठवड्यात. खोक्यांच्या भिंती. एक खोकं फोडून दाखवलं त्याने. प्रत्येक टॉवेलला तिथल्या दुकानाचं लेबल, त्यावर डॉलरमधला भाव छापलेला, बारकोड चिकटवलेला. तो म्हणतो, "दाजी, हे इथं मंगळवार बाजारात विकू का?" लेबलं उसवायला बायका लावल्या तर मजुरी टॉवेलला परवडत नाही.

कुठल्या काँग्रेसने, म्हणजे तुमच्या तिकडच्या संसदेने, मतदान केलं होतं या पन्नास टक्क्यांवर? कुठल्या फेडने? एका माणसाने सही केली. आणि तुम्ही म्हणता कारभार मामाचा.

आळशी_बोका

शंकेखोर १, सोलापूर ५०. (टक्के.) पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

शंकेखोर

सोलापुरी, मेव्हण्याचं ऐकून खरंच वाईट वाटलं. पण मुद्दा तुमचा नाही, माझाच सिद्ध होतो. आयात शुल्क लावण्याचा अधिकार घटनेने काँग्रेसला दिलाय. ट्रम्पने वापरला तो १९७७चा आणीबाणीचा कायदा, तोही काँग्रेसनेच केलेला. त्यात 'शुल्क' हा शब्दसुद्धा नाही. २९ ऑगस्टला अपील कोर्टाने ७ विरुद्ध ४ने हेच सांगितलं. तिथून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं.

सोलापुरी

कोर्टाने सांगितलं, पण ड्यूटी चालूच ठेवली ना? निकाल लागेपर्यंत लूम काय कोर्टाच्या कागदावर चालवायचे? किल्ली कुणाच्या बापाने दिली हे तुम्ही बघत बसा, गाडी आमच्या अंगावरून गेली.

आणि काँग्रेसने अडवायचं म्हटलं तरी ठराव जातो सहीला त्याच माणसाकडे. तो व्हेटो करणार. व्हेटो मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश. २०१९ साली मेक्सिको सीमेवरच्या भिंतीसाठी ट्रम्पने आणीबाणी लावली, तेव्हा झालं होतं की हेच! ठराव पास झाला, व्हेटो झाला, विषय संपला.

जुनं_खोड (मिशिगन)

मुलांनो, मी आठ डॉलर घेऊन या देशात उतरलो तो १९७१चा ऑगस्ट. रिझर्व्ह बँक तेवढेच देत असे. १५ ऑगस्ट रविवार होता. वसतिगृहात आम्ही चार देशी पोरांनी संध्याकाळी झेंडावंदन म्हणून चहा केला, आणि टीव्हीवर निक्सन. डॉलरचं सोन्याशी नातं तोडलं, आयातीवर दहा टक्के अधिभार, आणि नव्वद दिवस किमती आणि पगार गोठवले. मला सोमवारी लायब्ररीत तासावर काम लागणार होतं. बाईंनी सांगितलं, काम मिळेल, पण दर वाढवून मागू नकोस, राष्ट्राध्यक्षांनी बंदी घातली आहे. पगार मिळायच्या आधीच गोठलेला मी एकटाच असेन!

त्यालाही काँग्रेसनेच १९७० साली कायदा करून अधिकार दिला होता. बहुधा त्यांना वाटलं होतं, हा रिपब्लिकन गडी वापरणार नाही. तेव्हा शंकेखोर, 'अधिकार मूळचा काँग्रेसचा' हे खरं, पण दिलेला अधिकार परत घेताना मी त्यांना पन्नास वर्षांत फारसं पाहिलेलं नाही.

कायद्यांबद्दल म्हणाल तर राष्ट्राध्यक्ष जॉन्सनला विसरलात. १९६४चा नागरी हक्क कायदा सेनेटमध्ये दक्षिणेच्या लोकांनी साठ दिवस रोखून धरला होता, शेवटी ७१ विरुद्ध २९ने कोंडी फुटली. हा माणूस आधी त्याच सेनेटमध्ये पक्षनेता होता. कुणाची कुठली नस दाबायची ते त्याला पाठ. खुर्ची तीच, बसणारा कोण यावर असतं.

अनुस्वार

अवांतर: आपल्याकडे राष्ट्रपती, त्यांच्याकडे राष्ट्राध्यक्ष, हा भेद मराठीत कुणी आणि का केला?

आळशी_बोका

दुसरा धागा काढा, तिथे येतो.

माजी_घरकोंबडी (टेक्सास)

कोंबड्यांचा विषय निघालाच आहे तर. मी २००९ साली एच-४वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्या नवऱ्याची बायको म्हणून आले. एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी. सहा वर्षं पोळ्या केल्या आणि दुसऱ्यांची मुलं फुकट सांभाळली, कारण पैसे घेणं बेकायदा. २०१५च्या मेमध्ये ओबामाच्या लोकांनी नियम बदलला आणि नवऱ्याचं ग्रीन कार्ड अर्ध्या वाटेवर असलेल्या माझ्यासारख्यांना काम करता येऊ लागलं. काँग्रेसचं एक मत नाही. पहिल्या पगाराची स्लिप अजून फ्रीजवर आहे, अक्षरं उडालीत.

मग २०१७पासून ट्रम्पच्या लोकांनी तो नियम रद्द करणार म्हणून यादीत टाकला. ती यादी वर्षातून दोनदा निघते. वर्षातून दोनदा आमच्याकडे सुतक. रद्द केला नाही, पण २०२१ उजाडेपर्यंत मी ऑफिसात टेबलावर झाड ठेवलं नाही, उचलून न्यावं लागेल म्हणून. शंकेखोर, हा 'नवरदेव' माझ्या घरात चार वर्षं मुक्कामाला होता.

शंकेखोर

ताई, मान्य. पण हाच तर फरक आहे. नियम एकाने केला की दुसरा मोडू शकतो. कायदा टिकतो. ग्रीन कार्डाची प्रत्येक देशाला सात टक्क्यांची मर्यादा बघा. कायद्यात आहे. ओबामा, ट्रम्प, बायडन, परत ट्रम्प. कुणाच्या सहीने हलली?

रांगेतला_गणू

सात टक्के म्हणालात, आता थांबत नाही मी.

ग्रीन कार्डाच्या रांगेतली माझी तारीख २०१४ची. भारताची रांग २०१३च्या आसपास घुटमळतेय, दोन पावलं पुढे, वर्षभर मागे. पोरगा एकोणीस वर्षांचा आहे. एकविसाव्या वाढदिवसाला तो माझ्या अर्जातून बाहेर पडेल. सहा महिन्यांचा असताना आला, मराठीत 'ळ' येत नाही त्याला, आणि तो इथे 'परदेशी विद्यार्थी' होणार!

२०१९ साली हाउसने (कनिष्ठ सभागृहाने) मर्यादा उठवायचं बिल ३६५ विरुद्ध ६५ने पास केलं. पेढे वाटले होते मी. सेनेटने दीड वर्ष घोळ घालून डिसेंबर २०२०मध्ये आपलं वेगळंच बिल काढलं. दोन्हींचा मेळ बसायच्या आत मुदत संपली आणि बिलं कचऱ्यात. तेव्हा शंकेखोरशी शंभर टक्के सहमत. राष्ट्राध्यक्षाला शिव्या देऊन काही होत नाही, द्यायच्या तर सेनेटला द्या.

बाणेरकर

एवढा छळ आहे तर परत या की. बोलावलं कुणी होतं?

रांगेतला_गणू

आलीच का ही टेप. बाणेरला येऊन काय करू, टँकरची वाट बघू? इथे व्हिसाची, तिथे पाण्याची.

बाणेरकर

टँकरवर आलात, म्हणजे मुद्दा संपला. आम्ही टँकर मागवतो पण अंडी मोजून घेत नाही. माझी सख्खी भाची सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी मुंबई विमानतळावर बसून रडत होती. घरी आलेली चार दिवसांसाठी. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाला एक लाख डॉलर, रात्री बारापर्यंत पोचा, नाहीतर बाहेर, असं कंपनीचं ईमेल. दीड पगार घालून तिकीट काढलं. विमानात बसल्यावर कळलं की रक्कम फक्त नव्या अर्जांना. म्हणून म्हणतो, या. शिव्या द्यायला नाही म्हणत.

माजी_घरकोंबडी

मग तसं लिहायचं ना आधी! 'बोलावलं कुणी होतं' लिहिलंत.

रांगेतला_गणू

भाचीबद्दल सॉरी. टँकरबद्दल नाही.

पटेलचाळ (फ्रीमाँट)

मी वीस वर्षं रांगेत थांबून नागरिक झालो. कुणी रडगाणं ऐकलं नाही. मर्यादा उठवली तर बाकीच्या देशांच्या लोकांनी काय घोडं मारलंय? सगळी कार्डं एका देशाला?

रांगेतला_गणू

आत शिरलं की शिडी ओढून घ्यायची, ही आपली खास परंपरा.

पटेलचाळ

शिडी मी चढून आलोय, लिफ्टने नाही. व्यक्तिगत होऊ नका.

आळशी_बोका

धाग्याचं नाव बदलून 'तुमची तारीख काय' करा. मूळ विषयावर एकच आठवण. मेमध्ये आमच्या मंडळात बोंब झाली होती, घरी पाठवायच्या पैशांवर पाच टक्के कर. बिल एकच, लाडकं ट्रम्पचं. पण हाउसमधून बाहेर पडेपर्यंत पाचाचे साडेतीन झाले, सेनेटमध्ये एक, तोही रोख, मनी ऑर्डर आणि तसल्याच प्रकारांवर, बँकेतून पाठवलं तर काही नाही. ४ जुलैला सही झाली तेव्हा आम्ही बार्बेक्यू करत होतो. म्हणजे नाव नवरदेवाचं असलं तरी आहेराची यादी मामांनीच कापली. शंकेखोरला अर्धा मार्क.

सोलापुरी

अर्धा मार्क द्या, पण त्याच बिलातलं दुसरं कलम बघा. आठशे डॉलरच्या आतल्या पार्सलला ड्यूटी माफ होती. काँग्रेसने लिहिलं, ही सवलत जुलै २०२७ला बंद. बरोबर? त्यावर महिनाभरात राष्ट्राध्यक्षाने वेगळी सही केली, सवलत २९ ऑगस्टलाच बंद. काँग्रेसने दोन वर्षं दिली होती, याने दोन महिनेही नाही ठेवली. इकडून टपालाची पार्सलं जवळपास थांबली. आता आमची आई पुतण्याला फराळ कसा पाठवायचा म्हणून माझं डोकं खातेय. कुरिअरवाला चकलीपेक्षा डब्याला जास्त मागतो.

शंकेखोर

हे कलम मला माहीत नव्हतं. आत्ता वाचून आलो.

बरं. अंडी, तेल, व्याजदर यांवर मी इंचभर मागे हटणार नाही. महागाई घटली-वाढली की व्हाइट हाउसकडे बघणारे भाबडेच. पण सीमेवर येणारा माणूस आणि सीमेवर येणारा माल, या दोन ठिकाणी त्याची सही काँग्रेसला न विचारता घरात घुसते, एवढं मान्य करतो. नाइलाजाने. नवरदेवाची उपमाही मागे घेतो, तसंही माझ्या लग्नात कारभार सासूबाईंचा होता.

जुनं_खोड

मॅकेन, मामा, सासूबाई. शेवटी सेनेटच.

सोलापुरी

मान्य केलंत त्याबद्दल दोन बाथ टॉवेल तुमच्या नावाने काढून ठेवले. ७०० ग्रॅमचे, निळे. पाठवू शकत नाही, कारण वर लिहिलंय. डिसेंबरात याल तेव्हा घेऊन जा. लेबल तसंच ठेवतो, विमानतळावर कुणी विचारलं तर सांगा, तुमच्याच दुकानातला आहे.