डेटा सिंक: मध्यवर्ती सर्व्हर ठेवावा की विकेंद्रित करावं?

खटपट्या: नमस्कार मंडळी. दूध संकलन केंद्रांसाठी अँड्रॉइड अ‍ॅप करतोय. सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) नोंदवायचं, शेतकऱ्याला पावती द्यायची, दहा दिवसांनी बिल. केंद्रं डोंगरात, रेंज येते-जाते. सध्या सगळं थेट सर्व्हरवर जातं, त्यामुळे रेंज गेली की कॅनची रांग लागते. टीममधला एक जण म्हणतो, सीआरडीटी (वेगवेगळ्या फोनवरचे बदल आपोआप एकत्र जुळवणारी डेटा-रचना) वापरू, ऑटोमर्ज किंवा वायजेएस ही तयार लायब्ररी घेऊ, सर्व्हरची कटकटच नको. आम्ही तिघंच आहोत. काय करावं?

बिनतारी: आधी सांगा, एकच नोंद किती जण बदलतात?

खटपट्या: केंद्रावरचा एकच. दुरुस्ती कधीतरी संघाच्या ऑफिसातूनही होते.

बिनतारी: मग विकेंद्रित कशाला? तुम्हाला नेटशिवाय चालणारं अ‍ॅप हवंय, सर्व्हरशिवाय चालणारं नव्हे. नोंद आधी फोनवरच्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये, पावती तिथूनच. पाठवायच्या नोंदींचं वेगळं टेबल ठेवा, रेंज आली की वर्कमॅनेजर (अँड्रॉइडवर मागे राहून कामं उरकणारी सोय) पाठवेल. प्रत्येक नोंदीला यूयूआयडी (कुठेही पुन्हा न येणारा ओळख क्रमांक) फोनवरच द्या, म्हणजे सर्व्हरचं उत्तर वाटेत हरवून तीच नोंद पुन्हा गेली तरी दुधाचे पैसे दोनदा लागणार नाहीत. फोनच्या घड्याळावर क्रम लावू नका. क्रमांक सर्व्हरने द्यावा, फोनने 'अमुक क्रमांकानंतरचं द्या' एवढंच विचारावं.

दुरुस्ती कीर्दीसारखी करा, खाडाखोड नाही. ४.२ फॅटच्या जागी २.४ पडलं तर जुनी नोंद रद्द करणारी एक आणि बरोबर आकड्याची दुसरी. दोन्हीकडून दुरुस्ती झाली तरी काहीच पुसलं जात नाही, कोणती धरायची ते ऑफिस ठरवेल.

लॉगवाचक: सहमत. सीआरडीटी उत्तमच आहे, पण चार जण एकाच मजकुरावर लिहीत असतील तेव्हा. ते सगळे फोन एकाच स्थितीला आणतं. ती स्थिती हिशेबाला बरोबर आहे का, हे बघणं त्याचं काम नाही. समजा पशुखाद्याची उधारी ५,००० पर्यंत. दोन ठिकाणी ऑफलाइन ३,००० - ३,००० दिली, दोन्ही नोंदी छान जुळल्या आणि उधारी ६,००० झाली. अर्थात बिनतारींनी सांगितलेल्या, नोंदी साठवून नंतर पाठवायच्या पद्धतीतही हेच होईल. मर्यादा पाळायचीच असेल तर उधारी ऑनलाइनच द्या.

पाउचडीबी-काउचडीबी या आपसात सिंक होणाऱ्या डेटाबेसच्या जोडीचाही पर्याय आहे. फक्त तिथे एकाच नोंदीत दोन ठिकाणी वेगवेगळे बदल झाले की ठरलेल्या नियमाने एक आवृत्ती जिंकते, बाकीच्या गुपचूप पडून राहतात. त्या तपासणारा कोड तुम्हालाच लिहावा लागतो. आणि तयार सेवा घेताना जपून: मोंगोडीबी कंपनीने रिअल्म या मोबाइल डेटाबेसची सिंक सेवा २०२४ मध्ये गुंडाळायचं जाहीर केलं आणि लोकांना वर्षभरात दुसरं काहीतरी शोधावं लागलं.

(सिंकथिंग या फाइली जुळवणाऱ्या प्रोग्रॅमने चालू डेटाबेसची फाइलच इकडून तिकडे पाठवू, असं कुणी सुचवलं तर चहा पाजून परत पाठवा.)

खटपट्या: धन्यवाद दोघांनाही. काही केंद्रांवर दोन काटे, दोन फोन आहेत. तिथे?

बिनतारी: एक फोन मुख्य. दुसरा त्याच्या हॉटस्पॉटवरून त्यालाच नोंदी देईल, पावतीचे क्रमांकही त्याच्याचकडून घेईल. मुख्य फोन बंद पडला तर दुसऱ्याने वेगळ्या अक्षराची मालिका सुरू करायची.