मायक्रोसॉफ्ट ३६५ आधीच घेतलंय, मग ओक्टाला वेगळे पैसे का द्यायचे?

चाकणचा_ॲडमिन:
आमच्याकडे सध्या हाच विषय पेटलाय म्हणून इथे टाकतो. ऑटो पार्ट्सची कंपनी, ऑफिस स्टाफ २६० च्या आसपास, शॉप फ्लोरवर कायम आणि कॉन्ट्रॅक्टचे मिळून त्याहून जास्त. मेल आधीपासून मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस प्रीमियमवर. मध्यंतरी कस्टमरचं ऑडिट झालं, त्यांनी विचारलं एमएफए (पासवर्डच्या वर आणखी एक ओळख-तपासणी) सगळ्यांना आहे का, माणूस सोडून गेला की त्याचा ॲक्सेस किती वेळात बंद होतो, झालं, मॅनेजमेंटने लगेच व्हेंडर बोलावले. एका रिसेलरने ओक्टाचं (लॉगिन आणि ॲक्सेस सांभाळणारं सॉफ्टवेअर) असं काही प्रेझेंटेशन दिलं की आमचे सीएफओ साहेब, जे एरवी माऊस घ्यायला सुद्धा तीन कोटेशन मागतात, ते भारावूनच गेले.

माझं मत सरळ आहे. बिझनेस प्रीमियममध्ये एन्ट्रा आयडी पी१, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्याच लॉगिन सॉफ्टवेअरचा पी१ प्लॅन, आधीच येतं. (हो तेच, जुनं अझ्युअर एडी, २०२३ मध्ये नाव बदललं.) कंडिशनल ॲक्सेस (कुठून, कुठल्या मशीनवरून आला यावर आत घ्यायचं की नाही ते ठरवणं) आहे, सॅमलवर (लॉगिन जोडायचं एक स्टँडर्ड) चालणाऱ्या ॲपना एसएसओ (एकाच लॉगिनने सगळी ॲप उघडणं) जोडता येतं, पासवर्ड रिसेट युजर स्वतः करतो. आम्ही यातलं निम्मंही चालू केलेलं नाही आणि त्याच कामासाठी दुसरं सॉफ्टवेअर घ्यायला निघालोय. एवढंच लक्षात ठेवायचं की बिझनेस प्रीमियम ३०० युजरवर थांबतं, पण फ्लोरवाल्यांना एफ१ किंवा एफ३ लायसन्स देता येतं, ती वेगळी मोजतात आणि त्यातही पी१ असतं. पी१ सुटं घ्यायला गेलात तर लिस्ट प्राइस महिन्याला ६ डॉलर माणशी, आमच्या २६० माणसांचे वर्षाचे १८,७२० डॉलर, वर जीएसटी. म्हणजे जे ऑलरेडी खिशात आहे त्याची किंमत पंधरा लाखांच्या वर जाते, मग दुसऱ्याला पैसे द्यायचे कशाला? कुणाला हे पटत नसेल तर सांगा, पण ब्रोशरमधली वाक्यं नकोत.

सॅमलवाली:
नाही पटत. तुमच्याकडे सगळं मायक्रोसॉफ्टच आहे म्हणून तुम्हाला हे इतकं सोपं दिसतंय दादा. आमच्याकडे मेल गुगलवर, अर्धे लोक मॅकवर, सर्व्हर एडब्ल्यूएसवर (ॲमेझॉनचं क्लाउड), सेल्सवाले सेल्सफोर्समध्ये आणि एचआरचं सॉफ्टवेअर भलतंच. तिथे ओक्टा घेतलं त्याचं कारण एकच, त्याला कुठल्याच बाजूचं पडलेलं नाहीये. जोडण्या तयार मिळतात, हजारोंनी आहेत, आणि एचआरने माणसाला इनॲक्टिव्ह केलं की पुढची सगळी अकाउंट आपोआप बंद होत जातात. एन्ट्रामध्ये वर्कडे किंवा सक्सेसफॅक्टर्स हे एचआर सॉफ्टवेअर असेल तर ठीक, नाहीतर एपीआयवरून आपणच जुळवत बसायचं. आणि जॉइनर-लीव्हरचे (नवीन येणारे, सोडून जाणारे) रेडिमेड वर्कफ्लो हवे असतील तर त्याचं गव्हर्नन्स लायसन्स वेगळं, हे तुमच्या हिशोबात कुठेच आलेलं नाही.

लिनक्सवाला_नाशिक:
ओक्टा? २०२३ विसरलात का ताई. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या सपोर्ट सिस्टीममध्येच लोक घुसले, ग्राहकांनी ट्रबलशूटिंगला पाठवलेल्या फाइलींमधून सेशन टोकन (चालू लॉगिनचा पास) उचलले. बियाँडट्रस्ट, क्लाउडफ्लेअर, वनपासवर्ड या ग्राहक कंपन्यांनी आपापल्याकडे गडबड पकडली आणि बियाँडट्रस्टने तर ओक्टाला सुरुवातीलाच कळवलं होतं. ओक्टावाले आधी म्हणाले १३४ ग्राहक, नोव्हेंबर संपता संपता म्हणाले की सपोर्ट वापरणाऱ्या सगळ्यांचीच नावं आणि ईमेल गेलेत. मूळ कुठे सापडलं तर त्यांच्याच कर्मचाऱ्याने कंपनीच्या लॅपटॉपवर क्रोममध्ये स्वतःचं पर्सनल गुगल अकाउंट उघडलं होतं आणि सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड तिथे सेव्ह झाला होता. ही कंपनी आपल्याला पासवर्ड कसे सांभाळायचे ते शिकवणार!

सॅमलवाली:
मग मायक्रोसॉफ्टचं काय सांगता? त्याच वर्षी स्टॉर्म-०५५८ या हॅकर ग्रुपने त्यांची साइनिंग की (टोकनवर सही मारायची गुप्त किल्ली) मिळवून टोकन बनवले आणि अमेरिकन सरकारची मेल वाचली, तिथल्या सरकारी रिव्ह्यू बोर्डाने २०२४ च्या रिपोर्टमध्ये मायक्रोसॉफ्टची नीट खरडपट्टी काढलीये. त्याच्या पुढे जानेवारी २०२४ मध्ये उघड झालं की रशियन ग्रुप आत शिरलाय, तो एका जुन्या टेस्ट अकाउंटवरून, ज्याला एमएफएच लावलेला नव्हता. एमएफए विकणाऱ्याच्या घरात! म्हणून कोण फुटलं यावर सॉफ्टवेअर निवडायला गेलात तर काहीच घेता यायचं नाही. मी बघते ते हे की फुटल्यावर माझ्या हातात काय उरतं, मला सगळी सेशन एका ठिकाणाहून मारता येतात का.

लिनक्सवाला_नाशिक:
म्हणून तर म्हणतो, कीक्लोक (हेच काम आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर करणारं सॉफ्टवेअर) टाका आणि मोकळे व्हा. ओपन सोर्स, अपाची लायसन्स, मूळ रेड हॅटचं, २०२३ पासून सीएनसीएफ या ओपन सोर्स संस्थेकडे आहे, सॅमल आणि ओपनआयडी कनेक्ट (तसंच दुसरं स्टँडर्ड) दोन्ही येतं. माणशी पैसे नाहीत. तुमचे पाचशे असोत नाहीतर पाच हजार, फक्त सर्व्हर आणि पोस्टग्रेस डेटाबेस सांभाळा.

अजून एक, २०२५ च्या जुलैमध्ये युरोपियन युनियनने नायरा एनर्जीवर निर्बंध लावले आणि मायक्रोसॉफ्टने त्यांच्या सेवा बंद केल्या. आपल्या देशातली रिफायनरी आहे, वाडीनारला, भारतीय कायद्याने काही वावगं केलेलं नाही, पैसे भरलेले, आणि तरी आपलाच डेटा आपल्याला दिसेना. दिल्ली हायकोर्टात गेले तेव्हा सेवा परत सुरू झाली. मेल गेलं तर दुसरं मेल उभं करता येतं हो, पण लॉगिनच दुसऱ्याच्या हातात असेल तर ईआरपी, पेरोल, व्हीपीएन सगळंच अडकतं.

चाकणचा_ॲडमिन:
नायराचा मुद्दा मान्य, पण त्यांचे मोठे मालक रशियन, आपल्या ब्रेक पॅड बनवणाऱ्या कंपनीवर ब्रसेल्समधून कोण निर्बंध लावणार आहे? आणि कीक्लोक फुकट आहे हे अर्धवट सांगताय साहेब. व्हर्जन १७ ला त्यांनी खालचा पायाच बदलला, वाइल्डफ्लाय सोडून क्वार्कसवर उडी मारली तेव्हा कॉन्फिगरेशन सगळं बदललं, यूआरएलमधला /auth हा तुकडा गेला, ज्यांनी अपग्रेड केलं त्यांना विचारा. तुम्ही आहात तोवर ठीक, उद्या तुम्हाला बेंगलोरहून दीडपट पगाराची ऑफर आली तर आमच्यासारख्या कंपनीत रात्री अडीचला तो सर्व्हर कोण उठवणार? नाइट शिफ्टला लॉगिन बंद म्हणजे डिस्पॅच बंद.

सॅमलवाली:
हे मात्र बरोबर बोललात. पण क्लाउडवाल्यांचंही रात्री अडीचला बंद पडतं हं, १५ मार्च २०२१ ला अझ्युअर एडीच्या की रोटेशनमध्ये (सही मारायच्या किल्ल्या बदलताना) घोळ झाला तेव्हा टीम्सपासून सगळीकडे लोक बाहेर अडकले होते आणि आपण नुसतं स्टेटस पेज बघत बसायचं.

ऑडिट_काका:
मी ही ऑडिटं करतो, दुसऱ्या बाजूचा माणूस, म्हणून थोडं बोलतो. मंडळी लायसन्सच्या भावावर भांडताय आणि लॉगचं (कोण कधी आत आलं त्या नोंदींचं) कुणीच काढलं नाही. सर्ट-इनचे (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) २८ एप्रिल २०२२ चे निर्देश वाचा, १८० दिवसांचे लॉग ठेवायचे आणि घटना कळल्यापासून ६ तासांत रिपोर्ट करायचं. आता एन्ट्राच्या पी१ मध्ये साइन-इन लॉग राहतात ३० दिवस, फुकटवाल्यात ७. ओक्टात ९० दिवस. कीक्लोकमध्ये तर युजर इव्हेंट सेव्ह करणं आपण चालू करावं लागतं, नाहीतर काहीच साठत नाही. म्हणजे तिन्हीत लॉग बाहेर काढून कुठेतरी साठवणं आलंच, त्याचा खर्च आला. तुलनेच्या एक्सेलमध्ये ही ओळ मला अजून एकाही कंपनीत दिसलेली नाही. डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात सुरक्षेत हलगर्जीपणा केला तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो, हे ऐकलं की सगळे माना डोलावतात आणि परत लायसन्सवर घासाघीस सुरू.

दुसरी न दिसणारी ओळ, एसएसओचा जिझिया. बरेच सास (इंटरनेटवरून वर्गणीने चालणारे) ॲपवाले सॅमल फक्त वरच्या प्लॅनमध्ये देतात. तुम्ही ओक्टा घ्या नाहीतर एन्ट्रा, दहा ॲप जोडायची तर त्यातल्या चार-पाच जणांचा प्लॅन वाढवावा लागतो आणि ते पैसे कधी कधी आयडेंटिटीच्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त होतात.

कोल्हापुरी_हेल्पडेस्क:
काका एक नंबर बोलला. पण मी खालच्या बाजूनं बोलतो, रोज फोन उचलणारा माणूस हाय मी.

तुमी कायबी घ्या, शॉप फ्लोरवर फोन आत न्यायला बंदी हाय आमच्याकडं. मग ऑथेंटिकेटर ॲपवर नंबर टाका म्हणून सांगताय कुणाला? एका कियॉस्कवर पंधरा ऑपरेटर, तिथं पासवर्ड स्क्रीनला चिकटवलेला असतोय. आणि कॉन्ट्रॅक्टचा माणूस एचआरच्या सिस्टीममध्ये नसतोयच ओ! त्याची यादी ठेकेदाराच्या एक्सेलमध्ये, ती महिन्याच्या शेवटी बिलासंगं येणार. तो माणूस पाच तारखेला सोडून गेला तर आमाला तीस तारखेला कळणार, आणि मधल्या काळात त्याच्याच आयडीवर दुसराच कोण तरी क्वालिटीची एंट्री मारत असतोय. सॅमलवाल्या ताईंचं ते एचआरनं इनॲक्टिव्ह केलं की आपोआप बंद, ते इथं कुठं चालू व्हायचं? सगळ्या व्हेंडरांच्या डेमोमध्ये एक गुणी एचआर बसलेली असती जी लास्ट वर्किंग डेला संध्याकाळी सहाला बटण दाबती. आमच्यात फुल अँड फायनल सेटलमेंट झाल्यावर मेल येतोय.

अन् फोनवरून रिसेट. २०२३ ला लास वेगासच्या एमजीएम रिसॉर्ट्सला हेल्पडेस्कला फोन करून, मीच अमका म्हणून, ॲक्सेस काढला, १० कोटी डॉलरच्या आसपास फटका बसला. ओक्टाच होतं तिथं. सोसायटीच्या वॉचमनला साहेब म्हणून आवाज दिला की तो गेट उघडतोय, तसं झालं. आमाला पण एमडीच्या पीएचा फोन येतोय, साहेब मीटिंगमध्ये हायत लगेच रिसेट करा. नाही म्हणायचं कुणी, तुमी म्हणणार का?

सॅमलवाली:
कॉन्ट्रॅक्टवाल्यांचं पटलं, आमच्याकडे फ्लोरच नाही त्यामुळे हा प्रश्न मला कधी आलाच नव्हता. पण मग ठेकेदाराच्या लोकांना अकाउंट देतानाच एक्स्पायरी टाका ना, ३० दिवसांची, रिन्यू नाही केलं तर आपोआप बंद. ओक्टात वर्कफ्लोने होतं.

चाकणचा_ॲडमिन:
ऑन-प्रेम एडीत (आपल्याच सर्व्हरवरची मायक्रोसॉफ्टची युजर यादी) अकाउंट एक्स्पायरी कित्येक वर्षांपासून आहे ताई, त्याला ओक्टा नको. (घोळ एवढाच की ती तारीख क्लाउडला सिंक होत नाही, अकाउंट डिसेबल करणारी स्क्रिप्ट लावावी लागते.) फ्लोरला फोन नाही, तिथे फिडो की (लॉगिनला लावायची छोटी किल्ली) देऊ, गळ्यातल्या कार्डाला अडकवायची.

कोल्हापुरी_हेल्पडेस्क:
की हरवली की फोन मलाच.

लिनक्सवाला_नाशिक:
आणि चारशे कींचे पैसे कोण देणार? एकेक की काही हजारांना पडते. इथे मात्र सीएफओ साहेब भारावणार नाहीत.

चाकणचा_ॲडमिन:
प्रत्येकाला नाही देणार, जे खरोखर सिस्टीममध्ये एंट्री करतात त्यांनाच, लाइन लीडर आणि क्वालिटीवाले. बाकीच्यांना लॉगिनच कशाला? आत्ता दिलंय कारण कुणीतरी कधीतरी पगाराची स्लिप ऑनलाइन केली होती. आणि पी२, एन्ट्राचा वरचा प्लॅन, मी फक्त आम्हा सात-आठ ॲडमिन लोकांसाठी मागणार आहे, ९ डॉलरवालं, म्हणजे ग्लोबल ॲडमिनचे अधिकार कायम अंगावर घेऊन कुणी फिरणार नाही, लागेल तेव्हा दोन तास घ्यायचे. लॉगसाठी काकांच्या सांगण्याप्रमाणे स्टोरेजची ओळ वाढवतो. ओक्टाला नाहीच.

ऑडिट_काका:
ब्रेक-ग्लास अकाउंट, म्हणजे बाकी सगळी लॉगिन अडकली तर आणीबाणीला वापरायचं?

चाकणचा_ॲडमिन:
दोन, क्लाउड-ओन्ली, पासवर्ड अकाउंट्सच्या तिजोरीत सीलबंद. फिडो की वेगळ्या ठिकाणी.

लिनक्सवाला_नाशिक:
तिजोरीची चावी सीएफओकडे ना? म्हणजे परत तीन कोटेशन.