पाळलेला साप अंगावर येतो तेव्हा : आपले अनुभव लिहा

कृष्णाकाठ (न्यू जर्सी)
माझ्या धाकट्या नणंदेच्या मुलाने गेल्या महिन्यात सरीसृपांच्या एका विक्रीमेळ्यातून बॉल पायथन जातीचा अजगर घरी आणला आणि परवा रात्री त्याचा फोन आला, "मामी, हा साप नव्हे, स्प्रिंग आहे. पेटीचे झाकण काढले की झेप घेतो." त्याचे बोलणे ऐकताना आमच्या घरातील पहिला हिवाळा आठवला, कारण लेकीने हट्टाने आणलेला आणि ती शिकायला बाहेर पडल्यावर माझ्या गळ्यात पडलेला अजगर सुरुवातीला अगदी असाच वागत असे.

मी भाच्याला विचारले की झेप घेण्यापूर्वी तो मान मागे घेऊन इंग्रजी एस अक्षरासारखी वळवतो आणि फुत्कारतो, की बिळातून डोके बाहेर काढून, जीभ लपलपवत, सावकाश हाताच्या दिशेने सरकतो? पहिली भीती आहे आणि दुसरी भूक; बाहेरून दोन्ही राग वाटतात, पण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. घाबरलेला साप हाताला टोचून लगेच सोडतो, कारण त्याला फक्त आपण दूर जायला हवे असतो. भुकेला साप मात्र धरून ठेवतो आणि विळखा घालू लागतो. या जातीच्या अजगराच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, त्यामुळे अंधारात आत आलेला ऊबदार हात आणि ऊबदार उंदीर यांत फरक करण्याचे त्याला काही कारण नसते.

भाच्याचा साप पहिल्या प्रकारचा निघाला. हा प्राणी मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. तो उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत दडून राहतो आणि संकट आले की डोके मध्ये घेऊन अंगाचा चेंडू करतो. इतका लपणारा जीव झेपा घेऊ लागला, तर त्याला लपायला जागाच उरली नसावी, असा माझा पहिला संशय असतो. चौकशी केली तेव्हा कळले की चारही बाजूंनी काचेची मोठी पेटी, आत शोभेचे एक झाड आणि बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी तिची स्थापना! मी त्याला एवढेच सांगितले की उबेच्या टोकाला एक आणि गार टोकाला एक अशा अंगाला घट्ट बसणाऱ्या दोन गुहा ठेव, तीन बाजूंना बाहेरून कागद लाव, पेटी शांत खोलीत ने आणि निदान आठवडाभर पाणी बदलण्यापलीकडे आत हात घालू नकोस. ज्यांनी असे साप सांभाळले आहेत, त्यांनी आपले अनुभव अवश्य लिहावेत. भाचाही वाचणार आहे.

पालभीरू
मी भिंतीवर पाल दिसली तरी खोली बदलणारी बाई आहे, त्यामुळे माझ्याकडे अनुभव नाही, पण धागा मात्र डोळे अर्धे मिटून वाचते आहे.

मनमौजी (ऑस्टिन)
आमचा कॉर्न स्नेक आणला तेव्हा जेमतेम फूटभर लांबीचे पिल्लू होते आणि आव मात्र नागराजाचा! शेपटी इतक्या वेगाने थरथरवायचा की खालच्या वाळलेल्या पानांतून खुळखुळ्या सापासारखा आवाज यायचा. टेक्सासमध्ये तो आवाज ऐकून आमच्या सौभाग्यवती थेट अंगणात गेल्या. पिल्ले मोठ्यांपेक्षा अधिक बुजरी असतात, आणि त्यात नवल नाही, कारण त्या वयात पक्ष्यापासून मांजरापर्यंत प्रत्येकजण त्यांना खायलाच येत असतो. शिकारी बहुधा वरून येतो, म्हणून आम्ही वरून हात घालणे बंद केले. बाजूने, संथपणे आणि शरीराच्या मध्यभागाखालून उचलू लागलो. डोक्याला किंवा शेपटीच्या टोकाला हात लावायचा नाही आणि मान तर कधीच पकडायची नाही. पहिल्या काही वेळा तो हातावर दुर्गंधी सोडत असे. ती सहन करून, तो सैल पडल्यावरच त्याला परत ठेवायचे, असा नियम पाळला. तो धडपडत असतानाच दरवेळी खाली ठेवला, तर धडपडले की सुटका होते हे त्याच्या अंगवळणी पडते, असे आमच्या इथल्या जुन्या पाळणाऱ्यांचे मत आहे आणि मला ते पटते.

यारातीरी (मेलबर्न)
इथे परदेशी जातींचे साप पाळण्यास बंदी आहे. बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक घरात सापडला तर तो गुन्हा ठरतो. देशी कार्पेट पायथन मात्र परवाना काढून ठेवता येतो आणि आमच्याकडे तो आहे. त्याचे प्रकरण कृष्णाकाठताईंनी सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे निखळ भुकेचे. पेटीचे दार सरकल्याचा कंप जाणवला की तो तोंड दाराशी आणून तयार, कारण दार केवळ जेवणासाठीच उघडते असे त्याच्या अनुभवाला आले होते. म्हणून आम्ही दार दिवसातून अनेकदा विनाकारण उघडू लागलो, आणि त्याला बाहेर काढायचे असेल तेव्हा आधी साप हाताळण्याच्या लांब आकडीच्या (टोकाला वाकवलेल्या काठीच्या) बोथट बाजूने त्याच्या अंगाला हलका स्पर्श करू लागलो. स्पर्श झाला म्हणजे आज उंदीर नाही. लांब चिमट्याने समोर उंदीर आला म्हणजे जेवण. हा भेद त्याला कळायला काही आठवडे लागले, पण कळल्यानंतर त्याच्या मानेचा ताण डोळ्यांना दिसेल इतका उतरू लागला.

जेवणासाठी सापाला वेगळ्या डब्यात हलवावे असा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. मला तो उलटा वाटतो, कारण जेवून अजूनही शिकारीच्या भरात असलेला साप हाताने परत उचलावा लागतो. शिवाय भरल्या पोटी हाताळल्यास तो खाल्लेले ओकण्याची शक्यता असते. निदान दोन दिवस त्याला निवांत पडू द्यावे.

मनमौजी (ऑस्टिन)
यारातीरी, आकडीचा उपाय उत्तम. जाड हातमोज्यांबद्दल तुमचे काय मत आहे? माझे म्हणाल तर मोजे घातले की मलाच पकडीचा अंदाज येत नाही, हात जड पडतो आणि साप अधिक बिथरतो. मात्र ज्याचा हात भीतीने मागे-पुढे होतो, त्याने सुरुवातीला घालावेत. थरथरणाऱ्या उघड्या हातापेक्षा स्थिर मोजा बरा.

यारातीरी (मेलबर्न)
सहमत. आणि उंदराला हात लावला असेल तर साबणाने हात धुतल्याशिवाय पेटीजवळही जाऊ नये.

वायव्येचा वारा (लीड्स)
मी प्राण्यांच्या दवाखान्यात परिचारिका आहे. ज्यांना मालक 'तापट' म्हणून आणतात, त्या सापांपैकी काहींना स्वभावाचा नव्हे तर शरीराचा त्रास असतो, म्हणून तो आधी तपासावा. पाण्याच्या भांड्यात बारीक काळे ठिपके दिसले तर त्या गोचिडीसारख्या सूक्ष्म किडी असू शकतात. त्या खवल्यांखाली शिरतात आणि साप सतत अस्वस्थ राहून पाण्यात बसून राहतो. थर्मोस्टॅट नसलेल्या तापपट्टीने पोटाला भाजल्याची प्रकरणेही येतात. बॉल पायथनला (आमच्याकडे त्याला रॉयल म्हणतात) उबेच्या बाजूला सुमारे ३१ ते ३३ आणि गार बाजूला २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान हवे. हे आकडे अंदाजाने नव्हे, मापकाने दोन्ही टोकांना मोजावेत. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, लाळ किंवा बुडबुडे दिसणे ही श्वसनसंसर्गाची लक्षणे आहेत आणि तिथे धीराने सवय लावण्याचा काही उपयोग नाही, सरळ वैद्याकडे न्यावे.

दुसरे असे की डोळे निळसर, दुधी दिसू लागले की कात टाकण्याची वेळ जवळ आलेली असते. जुन्या आणि नव्या त्वचेच्या मध्ये द्रव साठल्याने त्याला धूसर दिसते आणि एरवी शेळीसारखा गरीब असलेला सापही त्या दिवसांत फुत्कारतो. तेव्हा हाताळू नये.

कृष्णाकाठ (न्यू जर्सी)
वायव्येचा वारा, तुमचे मनापासून आभार. भाच्याने आत्ताच छायाचित्र पाठवले आहे : डोळे चक्क राखाडी-निळे दिसत आहेत! म्हणजे भीती होतीच, वर हीही भर. आर्द्रता थोडी वाढवायला सांगते, नाहीतर कात तुकड्यातुकड्यांनी निघते.

टाकीवेस (ऑकलंड)
आमच्या देशात साप पाळणे सोडाच, प्राणिसंग्रहालयातही साप ठेवता येत नाही. पालभीरूताई, इकडे राहायला या.

पालभीरू
पाली आहेत का, ते आधी सांगा.

टाकीवेस (ऑकलंड)
आहेत, आणि त्यांना कायद्याचे संरक्षणही आहे.

वारणेचा सर्पमित्र
पिंजऱ्यातील सापाचा अनुभव मला नाही. मी घरांत शिरलेले साप सोडवतो. पण वर लिहिलेली भीतीची लक्षणे रोज पाहतो. बिनविषारी धामण कोपऱ्यात अडकली की मान फुगवून असा हल्ला करते की लोक तिला नाग समजतात, आणि दिवड तर पकडताच हमखास चावते. त्याच धामणीला समोर मोकळी वाट दिसली तर ती मागे वळूनही पाहत नाही. नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली पुण्यात ७२ विषारी सापांसोबत एका काचेच्या खोलीत ७२ तास काढले, ते डिवचल्याशिवाय साप चावत नाही हेच लोकांना दाखवण्यासाठी.

एक विनंती. हा धागा वाचून इकडे कोणी धामण किंवा अजगराचे पिल्लू घरात ठेवू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे. भारतीय अजगर अनुसूची १ मध्ये आहे आणि त्यासाठी तीन ते सात वर्षांचा कारावास होऊ शकतो.

कोथरूडकर
सर्पमित्र दादा, माझ्या मित्राकडे पुण्यात बॉल पायथन आहे. तो परदेशी असल्याने चालतो, असे त्याचे म्हणणे आहे.

वारणेचा सर्पमित्र
परदेशी असला तरी तो आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइटीस करारातील प्राणी आहे. २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा प्राण्याची 'परिवेश' या शासकीय संकेतस्थळावर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणी लागते. मित्राकडे नोंदणीचे प्रमाणपत्र आहे का, ते विचारा.

आजी ऑनलाइन
कृष्णाकाठ बाळा, मला दोन शंका आहेत. तो चावलाच तर काय करायचे? आणि घरात रांगते मूल असेल तर?

कृष्णाकाठ (न्यू जर्सी)
आजी, विष नसते, पण दात बारीक, पुष्कळ आणि आत वळलेले असतात, म्हणून हात हिसकावू नये. हिसकावल्याने जखम वाढते आणि त्याचे दातही तुटतात. त्याने सोडले नाही तर डोक्यावर गार पाणी सोडावे, विळखा घातला असेल तर शेपटीकडून उलगडावा आणि मग साबणाने जखम धुवावी. लहान मुलांचे मात्र कडक पाळायला हवे. सरीसृपांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, त्यामुळे पाच वर्षांखालील मुलांनी त्यांना किंवा त्यांच्या पेटीला हात लावू नये, आणि त्यांची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नयेत.

आजी ऑनलाइन
आणि जगतो किती?

कृष्णाकाठ (न्यू जर्सी)
नीट सांभाळला तर वीस ते तीस वर्षे, आजी. नणंदेला हे अजून कोणी सांगितलेले नाही.

मनमौजी (ऑस्टिन)
भाच्याला एक निरोप द्या : कात टाकून झाल्यावर आधी खाऊ घाला, दोनदा-तीनदा स्वतःहून नीट खाल्ले की मगच हाताळणी सुरू करा, आणि तीही पाच-दहा मिनिटांपुरतीच. बॉल पायथन हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे उपाशी राहतो. वजन टिकून असेल तर घाबरू नये आणि त्या चिंतेपोटी त्याला रोज बाहेर काढून बघत बसू नये.

कृष्णाकाठ (न्यू जर्सी)
पोहोचवला. तो विचारतो आहे की डिसेंबरात आम्ही सगळे सांगलीला तीन आठवडे जाणार, तेव्हा याचे काय?

यारातीरी (मेलबर्न)
मोठा असेल तर तेवढ्या काळात अन्नावाचून अडत नाही. पाणी बदलायला आणि थर्मोस्टॅट चालू आहे ना हे पाहायला मात्र दोन-तीन दिवसांआड कोणीतरी यायला हवे. पेटीला कुलूप लावून किल्ली त्या माणसाकडेच द्यावी.