तीस-सत्तरचं इन्सुलिन आणि जेवणाची वेळ: तुमचे अनुभव सांगा

आठ वर्षं झाली, ३०/७० घेतेय. सकाळी २२ युनिट, रात्री १२. (आकडे माझे. तुमचे तुमच्या डॉक्टरांना विचारा.) ३० टक्के लवकर काम करणारं, ७० टक्के सावकाश, दोन्ही एकाच बाटलीत. टोचून अर्ध्या तासाने खायचं, एवढंच मला सुरुवातीला माहीत होतं. सकाळच्या सुईतला सावकाश भाग दुपारी जोर धरतो, म्हणजे दुपारचं जेवण मी सकाळीच टोचून बसलेली असते, हे कळलं ते भाच्याच्या लग्नात. मुहूर्त १२:४०चा, नवरदेव मारुतीच्या देवळातून निघेना, मग मंगलाष्टकं संपेनात. हातातल्या अक्षता थरथरायला लागल्या. वाटलं, उकाडा आहे. शेजारच्या काकूंना मी काहीतरी तिरसट बोलले म्हणे, मला आठवत नाही. बहिणीने ओळखलं. साखर मोजायच्या मशीनवर ५४, म्हणजे फारच कमी! तिने आचाऱ्याकडून तीन चमचे साखर आणून पाण्यातून पाजली, पंधरा मिनिटांनी परत तपासलं. जाऊबाई पेढा घेऊन धावल्या होत्या, पण खव्यातल्या स्निग्धामुळे साखर उशिरा चढते, म्हणून तो बाजूलाच राहिला. आता पर्समध्ये ग्लुकोज असतं आणि पंगतीची वाट न बघता साडेबाराला मी डबा उघडते. लोक बघतात. बघू देत.

तुमच्याकडे काय झालं, लिहा.
— सांगली

आमच्या सासूबाई ७१ वर्षांच्या. एकादशीला सुई नेहमीइतकीच टोचायच्या आणि दिवसभर नुसत्या चहावर. ‘औषध चुकवायचं नाही’ हे इतकं पक्कं धरलेलं! आषाढीला दुपारी देवघरासमोर घामाने चिंब सापडल्या. डॉक्टर रागावतील वाटलं होतं, त्यांनी विचारलं, “आजी, तुमच्यात उपासाला काय काय चालतं?” मग त्या दिवसाचा डोस वेगळा लिहून दिला, आणि वरीचा भात, दाण्याची आमटी ठरल्या वेळी. साबुदाण्याची खिचडी दोन घास. जास्त झाली की संध्याकाळी ३००.
— कोल्हापूर

नागपूरहून लिहितोय. माझी बाटली ४० युनिटवाली (एका मिलिलिटरमध्ये ४०), तिला लाल टोपणाची सिरिंज लागते. एकदा दुकानातून नारिंगी टोपणाची आली, म्हणजे १००वाली. मी आपला २०च्या रेघेपर्यंत भरत होतो, पोटात जात होते फक्त ८. पंधरा दिवस साखर उतरेना, घरात आंब्यावरून भांडणं. मी आंबा खाल्लाच नव्हता! (फोड सोडून.) चूक उलटी झाली असती, १००च्या औषधाला ४०ची सिरिंज, तर अडीचपट गेलं असतं.
— नागपूर

टोचायला बेंबीच्या डावीकडे एकच जागा, कारण तिथे दुखत नाही. का दुखत नाही? गाठ झाली होती. सिस्टरांनी बोट फिरवून दाखवली. गाठीतून औषध कधी शोषलं जातं, कधी नाही. जागा बदलल्यावर तोच डोस जास्त व्हायला लागला, कमी करावा लागला.
— नाशिक

अकोल्याचा मे महिना आणि भारनियमन. आई बाटली फ्रीजरमध्ये ठेवायची, “जास्त थंड म्हणजे जास्त चांगलं.” गोठलेलं फेकावं लागलं. आता फ्रीज बंद पडला की मोठ्या मडक्यात पाणी, त्यात छोटं मडकं, वर ओलं फडकं. टोचण्याआधी बाटली तळहातांत लाटण्यासारखी फिरवायची, खळखळवायची नाही. एकसारखं दुधी दिसलं पाहिजे. गुठळ्या दिसल्या तर ती बाटली बाद.
— अकोला

यांचं घोरणं थांबलं की मला जाग येते. रात्री ३ वाजता बनियन पिळून काढावं इतका घाम, साखर ५८. रात्री भूक नाही म्हणून अर्धीच भाकरी खाल्ली होती, सुई मात्र पूर्ण. यांनी डॉक्टरांना सांगितलंच नाही, “उगाच डोस बदलतील.” मीच सांगितलं, आणि बदललाच. बरं झालं.
— सातारा

मी एमआयडीसीत तीन पाळ्यांत आहे. तिसऱ्या पाळीत जेवण रात्री १ला, झोप दिवसा. दीड वर्ष मनानेच वेळा पुढेमागे केल्या, दोनदा कारखान्यात मशीनवर उभ्या उभ्या लो झालो, म्हणजे साखर एकदम उतरली. पाळ्यांचं डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, त्यांनीही विचारलं नाही. सांगितल्यावर बदललं: दिवसातून एकदा सावकाश काम करणारं, आणि प्रत्येक जेवणाआधी जलद. चार सुया झाल्या. बायको म्हणते, पोटाची चाळणी केलीत. पण रविवारी अकरापर्यंत झोपतो.
— पुणे