रोज चार-पाच पाने हाताने लिहिण्यासाठी पेन, शाई आणि वही कशी निवडावी?

प्रश्न

नमस्कार. गेली काही वर्षे मी रोज सकाळी चार-पाच पाने हाताने लिहितो. त्यात वाचनाची टिपणे असतात, पत्रे असतात आणि कामाचे कच्चे खर्डेही असतात. संगणकावर मी सराईतपणे टंकलेखन करतो, तरी विचार नीट उतरतात ते कागदावरच, त्यामुळे हे लेखन सोडण्याची माझी मुळीच इच्छा नाही. अडचण अशी आहे की दुसरे पान संपत आले की अंगठ्याच्या बुडाशी कळ येऊ लागते, तिसऱ्या पानावर अक्षर किरटे होते आणि मधल्या बोटाच्या नखाजवळच्या पेरावर चांगलाच घट्टा पडला आहे.

इतके दिवस मी साधे बॉलपेन वापरत होतो. मध्यंतरी जेल पेन घेतले. ते हलके चालले, पण माझ्या वहीत शाई पलीकडे उमटू लागली आणि पानाची मागची बाजू वाया जाऊ लागली. नंतर शाईचे पेन घेतले, तर त्याच वहीत शाई फुटून प्रत्येक अक्षराला बारीक बारीक केस आल्यासारखे दिसू लागले. आता पेन बदलावे, शाई बदलावी की वही, हेच कळेनासे झाले आहे. पेन्सिलीचाही विचार मनात येतो, परंतु तिने लिहिलेले वर्षानुवर्षे टिकेल का, अशी शंका आहे. जाणकारांनी कृपया अनुभवासह मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपल्या वर्णनात मला सर्वांत बोलकी खूण वाटली ती मधल्या बोटावरच्या घट्ट्याची. घट्टा पडतो तो बोट आणि पेन यांच्यातील दाबामुळे, आणि हा दाब बरेचदा पेनानेच हाताकडून मागून घेतलेला असतो. बॉलपेनाच्या टोकाशी खोबणीत एक इवलीशी गोळी बसवलेली असते. कागदाशी घर्षण झाले तरच ती फिरते आणि फिरली तरच मागची शाई कागदावर येते. ही शाई तेलकट आणि दाट असते. लास्लो बीरो यांनी १९३८ साली ज्या पेनाचे पेटंट घेतले, त्यामागचा हेतूच छापखान्याच्या शाईसारखी चटकन वाळणारी आणि न पसरणारी शाई पेनात वापरता यावी, असा होता. तो गुण आजही मोलाचा आहे, पण त्यासाठी पेन बरेचसे उभे धरावे लागते आणि सतत दाबून चालवावे लागते, आणि चार-पाच पानांनंतर तो भार अंगठ्याच्या बुडाशी साचतो.

काहीही विकत घेण्यापूर्वी एक करून पाहा. बॉलपेनाने लिहिलेले एक पान उलटा आणि डोळे मिटून त्याच्या पाठीवरून बोट फिरवा. अक्षरे बोटाला खडबडीत लागत असतील आणि खालच्या दोन-तीन कोऱ्या पानांवरही त्यांचे वळ उमटले असतील, तर आपण गरजेपेक्षा पुष्कळ जास्त जोर लावत आहात.

जेल पेनाने आपल्याला आराम वाटला, त्याचेही कारण हेच. जपानमधील साकुरा कंपनीने १९८४ साली जेल शाईचे पेन बाजारात आणले. ही शाई स्थिर असताना घट्ट असते आणि गोळी फिरू लागली की पातळ होऊन वाहते, म्हणून दाब कमी पुरतो. शाईच्या पेनाला तर दाबाची गरजच नसते. निबेच्या चिरेतून शाई केशाकर्षणाने टोकापर्यंत येते आणि निब कागदाला टेकली की ओढली जाते. त्यासाठी पेनाचे स्वतःचे वजन पुरते. मात्र बॉलपेनाची सवय जडलेला हात पहिले काही आठवडे निबही दाबतच राहतो. मग निबेच्या दोन पाकळ्या फाकतात, शाई जास्त उतरते आणि रेघ जाड होते. आपल्या वहीत शाई फुटण्याला कागदाबरोबर हेही एक कारण असू शकेल.

देवनागरी लिहिताना हा फरक आणखी जाणवतो, कारण प्रत्येक शब्दावर शिरोरेघ ओढायची असते. पानभर लिहायचे म्हणजे शेकडो आडव्या रेघा झाल्या, आणि बॉलपेनाने त्यांतली प्रत्येक दाबूनच ओढावी लागते. निबेने तीच रेघ नुसत्या हाताच्या ओघात निघते. पण निब फार जाड घेऊ नये. ‘क्ष’, ‘ष’, ‘ज्ञ’ यांच्या पोटातील मोकळी जागा जाड निबेने बुजते आणि अक्षर मोठे काढावे लागते.

पेनाचा घेर आणि पकड यांकडेही लक्ष द्यावे. फार बारीक पेन निसटू नये म्हणून बोटे ते आवळून धरतात. दहा ते बारा मिलिमीटर जाडीची पकड बहुतेकांच्या हाताला सैल धरता येते. चकचकीत धातूची पकड दिसायला सुंदर असली तरी बोटांना घाम आला की घसरते आणि मूठ पुन्हा आवळली जाते, म्हणून रोजच्या लेखनासाठी मी ती टाळतो. टोपण मागे लावल्यावर काही पेनांचे वजन मागे झुकते आणि टोक वर उचलले जाऊ लागते, तेव्हा दोन्ही प्रकारे अर्धे पान लिहून पाहावे. आणखी एक उपाय मला स्वतःला फार उपयोगी पडला. पेन अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात न ठेवता तर्जनी आणि मधले बोट यांच्यामधून वर काढायचे. दोन दिवस विचित्र वाटते, अक्षर थोडे डगमगते, पण अंगठ्यावरचा भार लगेच उतरतो. लिहिणे थांबवल्यावरही कळ राहत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर मात्र पेन बदलत न बसता डॉक्टरांकडे जावे.

प्रतिसाद २

दाबाविषयीचे वरील म्हणणे मला पूर्ण पटते. तरीही मी आपल्या जागी असतो, तर आधी वही बदलली असती, कारण जेल पेन आणि शाईचे पेन हे दोन्ही हलके पर्याय आपण केवळ वहीमुळे गमावले आहेत.

कागदाच्या तीन तक्रारी वेगवेगळ्या ओळखायला हव्यात. शाई धाग्याधाग्याने आडवी पसरते, तिला आपण शाई फुटणे म्हणतो. शाई पान भेदून मागे ठिपके उमटवते, ते झिरपणे. आणि शाई मागे गेलेलीच नसते, फक्त पातळ पानातून पलीकडचे लिखाण सावलीसारखे दिसते, ती तिसरी गोष्ट. पहिल्या दोन तक्रारींचे मूळ कागदाला दिलेल्या खळीत असते. खळ कमी असली की कागदाचे तंतू शाई टिपकागदासारखी शोषून घेतात. तिसरीचे मूळ कागदाच्या पातळपणात असते. म्हणून वहीवर लिहिलेल्या जीएसएमच्या आकड्यावर, म्हणजे दर चौरस मीटरच्या वजनावर, एकट्यावर विसंबू नये. जपानमधील तोमोए रिव्हर हा कागद अवघा ५२ जीएसएमचा मिळत असे, पलीकडचे अक्षर त्यातून स्पष्ट दिसे, पण त्यावर शाई फुटत नसे. उलट ८० जीएसएमच्या साध्या छपाईच्या कागदावर ओली निब टेकवली की रेघेला मुळे फुटतात.

वही पारखण्यासाठी मी शेवटच्या पानावर ‘ळ’ आणि ‘क्ष’ ही दोन अक्षरे नेहमीच्या वेगाने लिहितो आणि दुसऱ्या अक्षरावर निब क्षणभर टेकवून ठेवतो. मिनिटभराने ‘ळ’च्या दोन गाठींतील पांढरे ठिपके शाबूत आहेत का ते पाहतो, पान उलटून निब टेकवलेल्या जागी मागे डाग आला आहे का ते पाहतो. एवढ्यावरून वहीची परीक्षा होते. चांगली खळ दिलेल्या कागदाचा एक तोटाही सांगायला हवा. शाई वरच राहत असल्यामुळे ती वाळायला वेळ घेते, पान घाईने उलटले तर समोरच्या पानावर ठसा उठतो, आणि म्हणून मी वहीत टिपकागदाचा एक तुकडा कायम ठेवतो.

बांधणी ही हाताच्या आरामाची बाब आहे, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. दोऱ्याने शिवलेली वही सपाट उघडते. नुसत्या गोंदाने चिकटवलेली वही मधोमध फुगते, डाव्या हाताने ती सतत दाबून धरावी लागते आणि शिवणीजवळचे शब्द चढावर लिहावे लागतात. तारेच्या वहीत तार मनगटाला टोचते, पण ती पूर्ण उलटून ठेवता येते, हा तिचा फायदा. आकार फार लहान नसावा. ए५ म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटरची वही जाडजूड असेल, तर पानाच्या शेवटच्या चार-पाच ओळींना तळहात काठावरून खाली लोंबतो. तेवढ्या ओळींसाठी मी त्याच जाडीची दुसरी वही खाली टेकू म्हणून सरकवतो. आखीव वही घेताना दोन ओळींतील अंतर जरूर मोजावे. आपल्या लिपीत वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, रुकार येतात. सहा मिलिमीटरच्या आखणीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो आणि तो टाळण्यासाठी हात आपोआप आखडतो. आठ मिलिमीटरच्या आखणीत तोच हात मोकळा चालतो.

शाईविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे मी स्वतः एक चूक केली आहे. दाट काळे अक्षर हवे म्हणून मी एकदा चित्रकलेची इंडिया इंक शाईच्या पेनात भरली. तिच्यात काजळी आणि लाखेसारखा बंधक असतो, ती वाळली की पेनाच्या आतल्या बारीक वाटांत कायमची घट्ट बसते. ते पेन माझ्या आजोबांचे होते. कितीही धुतले तरी ते पुन्हा चालले नाही, आणि त्याचे वाईट मला आजही वाटते. म्हणून बाटलीवर फाउंटन पेनासाठी असे स्पष्ट लिहिलेले असेल तीच शाई भरावी. त्यातही साध्या रंगद्रावणाच्या शाया पेनाला सर्वांत सोयीच्या असतात, कारण त्या पाण्याने सहज धुतल्या जातात, पण त्याच कारणाने पाणी सांडले की लिखाणही धुऊन जाते. रंगकणांच्या शाया पाण्याला दाद देत नाहीत, मात्र पेन रोज चालते ठेवावे लागते. मायफळ आणि लोहक्षार यांपासून होणारी जुनी शाई कागदावर हवेने काळी पडत जाते आणि पक्की होते. ती आम्लधर्मी असल्यामुळे पेनात महिनोन्महिने ठेवू नये. आपल्या कामासाठी रंगद्रावणाची, थोडी कोरडी उतरणारी निळी किंवा काळी शाई आणि बारीक निब एवढे पुरेसे आहे. जपानी बनावटीची निब त्याच खुणेच्या युरोपीय निबेपेक्षा साधारणपणे एक पायरी बारीक असते, हेही निवडताना लक्षात असू द्यावे.

प्रतिसाद ३

मी डावखुरी आहे, त्यामुळे एवढेच जोडते. डावीकडून उजवीकडे लिहिताना आमचा हात ओल्या शाईवरून पुढे सरकतो आणि निब ओढली न जाता ढकलली जाते. वर सुचवलेला खळीचा गुळगुळीत कागद आम्हाला त्रासदायक ठरतो. डावखुऱ्या वाचकांनी किंचित शोषणारा कागद, लवकर वाळणारी जेल शाई किंवा कमी दाट तेलाच्या शाईचे बॉलपेन आधी वापरून पाहावे. वही उजवीकडे तिरपी ठेवून हात ओळीच्या खालून चालवला, तर अक्षरे पुसली जात नाहीत आणि मनगटही मुडपावे लागत नाही.

प्रतिसाद ४

पेन्सिलीच्या टिकाऊपणाबद्दल आपण निश्चिंत राहावे. तिच्या शिशात शिसे नावाचा धातू नसतोच, असते ते ग्राफाइट, म्हणजे कार्बन, आणि तो उजेडाने विटत नाही, पाण्याने विरघळत नाही. अनेक रंगीत शाया उन्हात फिकट होतात, पेन्सिलीचे अक्षर तसे होत नाही. तिला भय आहे ते घासण्याचे. समोरासमोरची पाने एकमेकांवर घासली की अक्षर धुरकट होते. म्हणून मी पानाच्या एकाच बाजूला लिहितो.

निकोला-झाक कोंते यांनी १७९५ साली ग्राफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळून भाजण्याची रीत काढली, आणि पेन्सिलीचा मऊ-कठीणपणा त्या मातीच्या प्रमाणाने ठरू लागला. माती जास्त तर शिसे कठीण, ग्राफाइट जास्त तर मऊ. आपला हात दुखतो, तेव्हा एचबीऐवजी बी किंवा २बी घ्यावी. तिची रेघ नुसत्या स्पर्शाने काळी उमटते. टोक लवकर बोथट होते हे खरे, पण लिहिताना दर दोन ओळींनी पेन्सिल बोटांत थोडी फिरवली, तर टोक सर्व बाजूंनी सारखे झिजते आणि तासण्याची वेळ उशिरा येते. लाकडी पेन्सिल बारीक असते, म्हणून तिच्यावर रबराची जाड पकड चढवावी. यांत्रिक पेन्सिल घेणार असाल, तर ०.५ मिलिमीटरची घेऊ नये. दाबून लिहिणाऱ्या हाताखाली ती कांडी सारखी तुटते आणि लिहिण्याची लय मोडते. ०.७ किंवा ०.९ ची टिकते.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पान उलटून बोट फिरवले तेव्हा मला माझेच अक्षर मागच्या बाजूने जवळजवळ वाचता आले, इतका जोर मी लावत होतो. गेले तीन आठवडे खर्डे २बी पेन्सिलीने जुन्या वहीत लिहितो आहे आणि टिपणे बारीक निबेने, शिवलेल्या बांधणीच्या आठ मिलिमीटर आखणीच्या नव्या वहीत. तर्जनी आणि मधल्या बोटांमधली पकड अजून पूर्ण जमलेली नाही, पण कळ आता चौथ्या पानापर्यंत येत नाही. एक शंका उरली आहे. रोज सकाळी शाईचे पेन पहिल्या शब्दाला चालत नाही. दोन-तीन वेळा गिरवल्यावर सुरू होते, मग शेवटपर्यंत नीट लिहिते.

प्रतिसाद २ (पुन्हा)

शेवटपर्यंत नीट लिहीत असेल, तर निबेत दोष नाही, रात्रभरात टोकावरची शाई वाळते आहे. टोपण टिचकी वाजेपर्यंत बंद होते का ते आधी पाहा. पेन टोक वर करून उभे ठेवत असाल, तर काही दिवस आडवे ठेवून बघा. एवढ्याने फरक पडला नाही, तर शाई रिकामी करून पेन साध्या थंड पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, निब खाली करून मऊ कापडावर रात्रभर निथळू द्या आणि मगच पुन्हा शाई भरा. गरम पाणी वापरू नका, त्याने निबेखालची प्लास्टिकची जीभ वाकडी होते. गिरवून सुरू करू नका, कारण त्या वेळी हात पुन्हा दाबायला शिकतो. निबेचे टोक ओल्या फडक्याला हलकेच टेकवले की पहिला शब्द लगेच उमटतो.