मायनर कोणता घेऊ? (बीए जनसंवाद, दुसरं वर्ष)

दुधनाकाठची

नमस्कार. मी सेलू तालुक्यातली. संभाजीनगरात वसतिगृहावर राहून बीए करतेय, मेजर म्हणजे मुख्य विषय जनसंवाद आणि पत्रकारिता. पहिलं वर्ष झालं. आता तिसऱ्या सत्रापासून मायनर, म्हणजे जोडीचा दुसरा विषय, लागतो आणि फॉर्म सोमवारपर्यंत भरायचाय.

मायनरला चार पर्याय आहेत: मानसशास्त्र, अर्थशास्त्र, मराठी, राज्यशास्त्र. वर्गातली निम्मी पोरं मानसशास्त्राला चाललीत, कारण इंटर्नलला हात सैल असतो म्हणे. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतला घ्यायचा, त्यात सांख्यिकीची ओळख किंवा योग आणि आरोग्य. कौशल्याच्या पेपरला व्हिडिओ संकलन किंवा रेडिओ निर्मिती. पुढच्या वर्षी विभागाचा इलेक्टिव्ह येईल, संवाद संशोधन पद्धती किंवा इव्हेंट मॅनेजमेंट. सीनिअर म्हणतात संशोधनाच्या वाटेला जाऊ नको, हातात काही येत नाही.

मला अँकर व्हायचं नाही. मामा दर सणाला विचारतो, 'आमची भाची टीव्हीवर कधी दिसायची?' मी हसून वेळ मारून नेते. आमची पिठाची गिरणी आहे. दळण घेऊन आलेल्या बायका नंबर येईपर्यंत कट्ट्यावर बसतात आणि गावातलं सगळं तिथं बोललं जातं. कुणाच्या बोअरचं पाणी गेलं, कुणाच्या लेकीची शाळा सुटली, रेशनला अंगठा का उठंना. ह्यातलं काहीच कधी पेपरात येत नाही. मला त्या कट्ट्याच्या आसपासचं काहीतरी काम करायचंय. त्याला काय म्हणतात तेही मला माहीत नाही.

लॅपटॉप नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये चालू कॉम्प्युटर सहा. सांगा.

लातूर_पॅटर्न

सरळ हिशोब सांगतो. मानसशास्त्र घे, योग घे, टक्केवारी वर ठेव. पुढं एमएला असो की स्पर्धा परीक्षेला, मेजरच्या पेपरला घाम गाळायचाच आहे, मायनरला कशाला? आणि जाहिरात क्षेत्रात मानसशास्त्राला किंमत आहे. क्रेडिट बँकेचा, म्हणजे पास झालेल्या पेपरांचे क्रेडिट जिथं जमा होतात त्या खात्याचा, आयडी काढला नसशील तर आधी तो काढ. नावाचं स्पेलिंग आधारला एक आणि मार्कमेमोला एक असलं की लई पळापळ होते.

बालाघाटावरून

आयडीचं लातूरकरांनी बरोबर सांगितलं. बाकीचं मला पटत नाही. मी नऊ वर्षं बीड जिल्ह्यात एका दैनिकाचा तालुका बातमीदार होतो. लांबण लागेल, चहा घेऊन बस.

मी पदवीला मराठी घेतलं, मग पत्रकारितेचं एक वर्ष केलं. इंट्रो, म्हणजे बातमीचा पहिला परिच्छेद, असा बांधायचो की उपसंपादक हात लावत नव्हता. घरी शेती नाही, वडील शिवणकाम करायचे. पहिल्याच डिसेंबरात तहसीलमधून एक कागद हाती लागला, तालुक्याची अंतिम पैसेवारी ४६. मी बातमी ठोकली, 'शेतकऱ्यांच्या हातावर अवघे ४६ पैसे!' पहिल्या पानावर चौकटीत आली. सकाळी मोंढ्यात चहाला गेलो तर एका आडत्यानं आठ आण्याचं नाणं माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाला, 'घ्या साहेब, शेतकऱ्याला द्या. वरचे चार पैसे मला वापस आणा.' अख्खी टपरी हसली. मीही हसलो. काय चुकलं ते मला दुपारपर्यंत कळलं नव्हतं.

पैसेवारी म्हणजे मदत नव्हेच. चांगल्या वर्षीचं पीक एक रुपया धरलं तर औंदा किती पैशांचं आलं, असा तो अंदाज. शिवारात ठरलेल्या मापाचा तुकडा आखून पीक कापायचं, तोलायचं आणि त्यावरून काढायचा. पन्नासच्या आत आलं की गाव टंचाईच्या सवलतीत बसायचं: महसुलात सूट, कर्जवसुली थांबणं, पोरांची परीक्षा फी माफ. खरी बातमी त्याच कागदावर खाली होती. एका महसूल मंडळातली ओळीनं अकरा गावं ५१, ५२, ५१. सगळी काठावर आणि सगळी सवलतीच्या बाहेर. कापणी प्रयोग कुणाच्या रानात घेतला, विहिरीखालच्या की कोरडवाहू, एवढं एक विचारायला पाहिजे होतं. मला ते सुचलंच नाही. वाक्य बांधता यायचं, कागद वाचता यायचा नाही.

पुढं २०१६ ला केंद्राची नवी दुष्काळ संहिता आली. आता पावसाचा खंड, जमिनीतला ओलावा, उपग्रहातून दिसणारं पिकाचं हिरवेपण, असले निर्देशांक बघतात. तहसीलचा कागद आणखी अवघड झाला. तो वाचून सोपा करून सांगणारा माणूस लागतोच.

म्हणून माझं मत अर्थशास्त्र. बातमी, पटकथा, मुलाखत हे सगळं मेजरमध्ये येणारच आहे. मायनर तीन वर्षांत अठरा ते वीस क्रेडिटचा होतो, तो उगं मार्कांसाठी घालवू नको. ओपनला सांख्यिकी.

तुझ्या कट्ट्याच्या कामाला आमच्या धंद्यात विकास संवाद म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम बहुतेक वेळा ऐकायचंच असतं. मी आता एका पाणलोटाच्या संस्थेत तेच करायलोय. पेपर का सोडला म्हणशील तर वर्धापनदिनाच्या पुरवणीला जाहिरातींचं टार्गेट आलं, आणि ज्या गुत्तेदाराच्या रस्त्याची बातमी केली होती त्याच्याच दारात पावती पुस्तक घेऊन उभं राहायची पाळी आली. मानधनात पेट्रोल भागत नव्हतं ते वेगळंच.

अजून एक. यादीत नाही, पण इनस्क्रिप्ट कीबोर्डवर मराठी टायपिंग शिक. महिना लागतो.

भल्या_पहाटे

मी आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक आहे, मराठवाड्यातल्याच एका केंद्रावर. महिन्यात मोजक्या ड्युट्या मिळतात, बाकी दिवस शिकवण्या. तेव्हा माझ्याकडं बघून करिअर ठरवू नकोस, पण रेडिओचा पेपर घे हे मी छातीठोक सांगते.

व्हिडिओ संकलनाला सहा कॉम्प्युटरवर तुझा नंबर कधी लागायचा? रेडिओला तुझा फोन, एक कॉलर माइक आणि रजई पुरते. रजई कशाला, तर आवाज घुमू नये म्हणून. मी ऑडिशनचा सराव गाद्यांच्या खोलीत केला. आणि फोन गिरणीत नेऊन बघ. पट्ट्याच्या आवाजात बाई काय बोलली ते रेकॉर्डिंगमध्ये काहीच कळणार नाही. मग तू माइक जवळ नेशील, बाई गप्प होईल. तिला परत बोलतं कसं करायचं हे संकलनाच्या पेपरात शिकवत नाहीत.

तुझ्या कट्ट्याला जुना इतिहासही आहे. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रावरून गावोगावच्या श्रोता मंडळांचा प्रयोग झाला. गावकरी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचे, त्यावर आपसात चर्चा करायचे आणि शंका केंद्राकडं पाठवायचे. तुझ्याकडं मंडळ आयतं आहे, रेडिओ तेवढा नाही.

मायनरबाबत मात्र बालाघाटवाल्या दादांशी माझं जमत नाही. मराठी घ्यावं. संस्थांचे अहवाल मी वाचते. 'लाभार्थींचे क्षमताबांधणीद्वारे सक्षमीकरण करण्यात आले.' कुणाचं काय केलं? माझ्या आजीला हे वाचून दाखवलं तर ती म्हणेल, बाई, कुणी गेलं का?

बालाघाटावरून

ताई, तसलं एक वाक्य माझ्याच अहवालात असायची दाट शक्यता आहे. पण मराठी ती घरून घेऊन आलीय, वरची पोस्ट वाचा की. अर्थशास्त्र घरून येत नाही.

दुधनाकाठची

दादा, ताई, मनापासून आभार. पण दहावीला गणितात ५४ होते मला. सांख्यिकी म्हटलं की पोटात गोळा येतो. आणि संशोधनाचं म्हणाल तर आमचे सीनिअर प्रोजेक्ट झेरॉक्सच्या दुकानातून आयता आणतात, नुसतं नाव बदलतात. असला पेपर घेऊन काय करायचं?

बालाघाटावरून

प्रोजेक्ट विकत मिळतो म्हणून पेपर वाईट ठरत नाही.

अजेंडा सेटिंग पाठ केलंस ना पहिल्या वर्षी? माध्यमं काय विचार करायचा ते सांगत नाहीत, कशाचा करायचा ते सांगतात, वगैरे. ते कुठून आलं ते बघ. अमेरिकेत चॅपेल हिल नावाचं गाव. १९६८ ची अध्यक्षपदाची निवडणूक. मॅकोम्ब्ज आणि शॉ ह्या दोघा संशोधकांनी मत न ठरलेले मतदार गाठले आणि त्यांना विचारलं, तुमच्या मते महत्त्वाचे प्रश्न कोणते? दुसरीकडं ते मतदार ज्या बातम्या वाचत-बघत होते त्यात कोणत्या प्रश्नाला किती जागा मिळाली ते मोजलं. दोन्ही याद्यांचा क्रम ताडून पाहिला. १९७२ ला छापलं आणि जगभरच्या अभ्यासक्रमात गेलं. मतदार किती होते माहितीय? शंभर.

शंभर बायका तर तुझ्या गिरणीवर दोन-तीन आठवड्यांत येतात. प्रत्येकीला एकच विचार, सध्या गावात सगळ्यात मोठी अडचण कोणती? वहीत लिही. त्याच दिवसांचं परभणीचं जिल्हा पान घे आणि पाण्याला किती बातम्या, रेशनला किती, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला किती, ते मोज. बेरीज आणि शेकडा प्रमाण, इतकंच गणित. दळणाचा हिशोब ठेवतेस ना तू? मग झालं.

तासिकावाला

एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर हाच विषय शिकवतो. कोणत्या ते विचारू नका.

वरचे सल्ले चांगले आहेत, पण सगळे माहितीपत्रक वाचून दिलेत. बाळा, फॉर्म भरायच्या आधी गेल्या वर्षीचं वेळापत्रक माग. माहितीपत्रकात छापलेला पेपर आणि खरोखर चालणारा पेपर ह्यात अंतर असतं. अर्थशास्त्राला पूर्णवेळ शिक्षक आहे का? सांख्यिकी घ्यायला विज्ञान शाखेतून कोणी येतं, की परीक्षेआधी पंधरा दिवस नोट्स वाटतात? पोरं कमी पडली की इलेक्टिव्ह रद्द होतो आणि सगळ्यांना उचलून योगाला टाकतात. रेडिओचा पेपर असेल तर रेकॉर्डिंग खोलीची चावी कुणाकडं असते तेही विचार. हसू नका, आमच्याकडं ती वर्षभर सापडली नव्हती.

लातूरकरांच्या बाजूनंही एक मुद्दा आहे. चौथं वर्ष संशोधनासह ऑनर्स करायचं मनात आलं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. म्हणजे मार्क अगदीच सोडून चालत नाही. पुढं नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, द्यायची झाली, आपल्या विषयाचा कोड ६३, तर संशोधन पद्धती पहिल्या पेपरातही येते आणि दुसऱ्यातही. इव्हेंट मॅनेजमेंट तुला कोणताही मंडपवाला एका लग्नसराईत शिकवेल, वर जेवण देईल.

लातूर_पॅटर्न

सर, शेवटी टक्क्यावरच आलात ना 😀

दुधनाकाठची

अपडेट देते. शनिवारी विभागात जाऊन वेळापत्रक मागितलं. शिपाईमामा म्हणाले आजवर कुणी मागितलं नव्हतं, शोधायला अर्धा तास गेला. अर्थशास्त्राचे सर पूर्णवेळ आहेत. परवानगी काढून त्यांच्या एका तासाला मागं बसले. हमीभाव चालला होता. सरांनी फळ्यावर सोयाबीनचा खर्च मांडला, बियाणं, खत, फवारणी, मळणी, आणि विचारलं, घरच्या माणसांची मजुरी धरायची का? पोरं म्हणाली, घरच्यांची कशाला धरायची? मला आई डोळ्यापुढं आली. तिथंच ठरलं.

सांख्यिकीला गेल्या वर्षी नऊ पोरं होती, तास झाले होते. भीती आहेच, तरी भरला. रेडिओच्या खोलीची चावी मॅडमच्या पर्समध्ये असते, स्वतः विचारून आले. संशोधनाचं पुढच्या वर्षी बघू. मराठी सोडताना जीव थोडा खालीवर झाला, ताई.

रविवारी घरी होते. वही घेऊन गिरणीवर बसले. तेवीस जणी झाल्या. पाणी ११, रेशनचा अंगठा ५, दारू ४, एसटी २. एक म्हातारी म्हणाली, 'अडचण म्हणजे तू, दळायचं सोडून लिहीत बसलीस.' तिला कशात धरू? वही मिटून निघाले तर एकीनं विचारलं, हे कुठं देणार? म्हटलं, अजून ठरलं नाही.

'मग आमच्या हापशाचं वर लिही,' म्हणाली.